पाण्याची ओढ: मालदीवच्या कंडूत पहिल्यांदा उतरताना

मालदीवच्या वावु अटॉलमध्ये मियारू कंडू नावाची एक जागा आहे. धिवेही भाषेत मियारू म्हणजे शार्क, आणि कंडू म्हणजे प्रवाळाच्या तटबंदीतून समुद्र आत शिरायची वाट. नावातच सगळं आलं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांचे प्रश्न शार्कबद्दलच असतात. चावतात का? किती जवळ येतात? हाताला खरचटलेलं असेल तर? पाण्याच्या ओढीबद्दल फारसं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि पहिल्याच डाइव्हला बाराव्या मिनिटाला माझ्या सिलिंडरमध्ये ८० बार (हवेच्या दाबाचं माप, भरलेल्यात २०० असतात) उरले होते. शार्क तोवर वीस मीटर लांब, आपल्या कामात होते.

म्हणून इथे आधी पाणी, मग शार्क.

आपण तयार आहोत का

मालवणला किंवा तारकर्लीला गाइडने पाठीमागून धरून पाच-सात मीटरवर मासे दाखवले, व्हिडिओ काढला, सर्टिफिकेटसारखा दिसणारा कागद दिला. मजा आली असेल, पण त्याला डायव्हिंग येणं म्हणत नाहीत. कंडूत कोणी धरून नेत नाही.

पहिली पायरी ओपन वॉटर कोर्स. त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. दुसरी पायरी अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटर. मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगची कायदेशीर मर्यादाही ३० मीटरच आहे आणि कंडूचा उंबरठा, म्हणजे तोंडाशी जिथे तळ खोल समुद्राकडे तुटतो ती कड, बहुतेक ठिकाणी त्याच्याच आसपास असतो, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्डशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पण कार्डापेक्षा डाइव्हची संख्या बघा. माझ्या मते पन्नासच्या आत असाल तर आधी अंदमान, नेत्राणी किंवा मालदीवच्याच शांत जागा करून या. पन्नास हा काही जादूचा आकडा नाही. मात्र तेवढ्यात एक गोष्ट अंगवळणी पडते: हात न हलवता, फक्त श्वासावर, एका पातळीत थांबता येणं. ते येत नसेल तर वाहत्या पाण्यात तुम्ही एकदा वर, एकदा खाली होत राहता आणि त्या धांदलीत हवा संपते.

स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी पद्धत आहे. शांत पाण्यात पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. डाइव्ह कम्प्युटरवरचा खोलीचा आकडा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलला नाही, तर पुढचं वाचा. हललाच, तरी वाचा, पण तिकीट पुढच्या वर्षीचं काढा.

ओढ येते कुठून

मालदीवमध्ये भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. मग तिथे एवढा करंट कसा? अटॉल म्हणजे प्रवाळाचं अवाढव्य कडं आणि त्याच्या पोटात उथळ समुद्र. मीटरभरच पाणी चढायचं असलं तरी ते शेकडो चौरस किलोमीटरवर चढायचं, आणि आत यायला वाटा मोजक्या. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीचं दारात जे होतं, ते इथे पाण्याचं होतं. त्यात मोसमी वाऱ्यांनी ढकललेला महासागराचा प्रवाह मिसळतो.

वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. दोन नॉट म्हणजे जेवणानंतरच्या शतपावलीचा वेग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाठीवर सिलिंडर घेतलेला चांगला दमदार डायव्हरही एका नॉटच्या पुढे फार वेळ टिकत नाही. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. करंट दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट. त्यामुळे ‘थोडे जास्त पाय मारू’ हा उपाय एका मर्यादेनंतर गणितातच बसत नाही.

कोकणातल्या मच्छीमारांचे दोन शब्द इथे उपयोगी पडतात: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण, म्हणजे ओढ जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मवाळ. हा नियम मालदीवलाही लागू आहे, कारण चंद्र तोच आहे. आपल्याकडची तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची युक्ती मात्र तिकडे चालवू नका, तिथल्या वेळा निराळ्या आहेत. पण तारखा ठरवताना कालनिर्णय उघडून अष्टमीच्या आगेमागे पहिले दोन कंडू येतील असं बघता येतं. मी आता तसंच करतो. बरोबरचे लोक हसतात, हसू देत.

दिशा तर त्याहून महत्त्वाची. पाणी महासागरातून अटॉलच्या आत येत असेल तेव्हाच नवख्याने उतरायचं. आत येणारं पाणी स्वच्छ निळं असतं, शार्क उंबरठ्यावर गोळा होतात आणि तुम्ही वाहत गेलात तरी आतल्या उथळ, सुरक्षित बाजूला जाता. बाहेर जाणारं पाणी गढूळ असतं, आणि ते ज्या बाजूला नेतं तिकडे पुढे फक्त हिंदी महासागर आहे.

कधी, कुठे

जानेवारी ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे असतात, तेव्हा पूर्वेकडच्या कंडूंत महासागराचं पाणी आत शिरतं. वावुच्या पूर्व कडेवरचे मियारू कंडू आणि फोत्तेयो, दक्षिण माले अटॉलमधला गुराइधू, हे या मोसमातले. मे ते नोव्हेंबर वारा उलटतो आणि शार्कची गर्दी पश्चिमेकडे सरकते. आपल्या लोकांना मे महिन्याची सुट्टी सोयीची असते, पण पूर्वेकडचे कंडू बघायचे तर ती उशिराची. मार्च उत्तम.

राहायला रिसॉर्टच हवं असं नाही. वावुमध्ये फुलिधू, थिनधू अशा गावांच्या बेटांवर गेस्टहाउस आहेत आणि तिथल्या डाइव्ह सेंटरचे गाइड बहुधा त्याच भागातले, पाणी ओळखणारे असतात. या बेटांवर दारू मिळत नाही. डायव्हिंगच्या दृष्टीने ती सोयच समजा.

सेंटर निवडताना ‘शार्क नक्की दिसतील का’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा: एका गाइडमागे किती जण, पहिली डाइव्ह साध्या जागेवर घेता का, करंट फार असेल तर जागा बदलता का. शेवटच्या प्रश्नाला ‘काही होत नाही, आम्ही आहोत ना’ असं उत्तर आलं की आभार मानून फोन ठेवायचा.

अंगावर काय हवं

नेहमीचं सामान धरतो. त्याशिवाय चार वस्तू.

डाइव्ह कम्प्युटर प्रत्येकाचा स्वतःचा हवा. बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, कम्प्युटरवर दोघांनी भागवायचं नाही.

सिग्नलचा फुगा, म्हणजे नारिंगी रंगाची माणसाएवढी उंच नळी, आणि तिच्याबरोबर दोऱ्याची फिरकी. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि दोनशे मीटरवरून तेही दिसत नाही. हा फुगा दिसतो. तो नुसता जवळ असून भागत नाही. पाच-सहा मीटरवरून सोडायचा सराव आधी करा. संक्रांतीला मांजा गुंततो तसाच हाही दोरा गुंततो, फक्त इथे गुंता तुमच्यासकट वर जातो. फुग्यात हवा भरताना फिरकी अंगाला अडकवलेली नको. अडकलीच तर सोडून द्या, नवी मिळते.

रीफ हूक. बोथट टोकाचा स्टीलचा आकडा आणि दीड मीटरच्या आसपास दोरी. पलाऊच्या ब्लू कॉर्नरवरून ही पद्धत जगभर पसरली. त्याबद्दल पुढे.

शिट्टी. दोनशे रुपयांच्या आत येते.

हातमोजे नकोत. हातात मोजे असले की माणूस जिवंत प्रवाळही पकडतो. कॅमेराही पहिल्या दोन डाइव्हला बोटीवर ठेवा. माझे ८० बार कशात गेले ते सांगायचं तर एका फोटोत गेले, आणि तो फोटो निळा आणि अस्पष्ट आला.

बोटीवर

तिथल्या लाकडी बोटीला धोणी म्हणतात. कानाला ती आपल्या डोणीची बहीण वाटते. धोणी कंडूच्या तोंडाशी आली की गाइड नुसता मास्क-फिन लावून उडी मारतो आणि मिनिटभरात वर येऊन दिशा आणि जोर सांगतो. हे न करता थेट ‘चला’ म्हणणाऱ्या गाइडबरोबर मी उतरत नाही.

वाहत्या पाण्यात बोलायला, विचार करायला, मत बदलायला वेळ नसतो. जे ठरवायचं ते बोटीवर ठरवायचं. कोणत्या बाजूची भिंत उजव्या हाताला ठेवायची, हूक कुठे लावायचे, किती बारवर हूक सोडायचा, कोणी चुकला तर काय करायचं. बडीशी हे सगळं एकदा मोठ्याने बोला. बावळटासारखं वाटतं, तरी बोला.

हवेचं गणितही इथेच करा. समजा पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागते. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून लागते ८० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार, त्यातले ५० राखीव ठेवले तर वापरायला उरले १५० गुणिले १२, म्हणजे १८०० लिटर. भागिले ८०: साधारण बावीस मिनिटं. यातच खाली जाणं आणि वर येणं धरायचं आहे. आता करंटशी झुंजत श्वास दुप्पट झाला तर अकरा मिनिटं. माझं बारावं मिनिट आठवा.

साध्या हवेवर ३० मीटरला कम्प्युटर तसाही पंधरा-वीस मिनिटांच्या आसपासच खाली राहायची मुभा देतो. नायट्रॉक्सचा कोर्स केला असेल तर ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने हा वेळ वाढतो, पण त्याची स्वतःची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास असते. नायट्रॉक्सने हवा जास्त पुरत नाही, हेही सांगून ठेवतो. बऱ्याच जणांचा तो गैरसमज असतो.

उडी

नेहमी आपण उडी मारतो, वर तरंगतो, सगळे जमले की खाली जातो. इथे तेवढ्यात उंबरठा मागे पडतो. म्हणून बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, पूर्ण रिकामं करून, गाइडच्या ‘गो’वर सगळ्यांनी एकदम उडी घ्यायची आणि न थांबता खाली. कान बोटीवरच एकदा मोकळे करा, मग दर मीटरला. कान अडला तर थोडं वर येऊन पुन्हा करा. तोवर ग्रुप लांब गेला तर डाइव्ह सोडून वर या. कानाचा पडदा शार्कपेक्षा महाग पडतो.

बोटीवर रेग्युलेटर तोंडात घेऊन दोन श्वास घेतलेत ना? सिलिंडरची चावी पूर्ण उघडी आहे ना? रिकाम्या बीसीडीने उडी मारायची असते तेव्हा हे दोनदा बघायचं.

उडी उंबरठ्याच्या थोडी आधी, पाणी जिकडून येतं त्या बाजूला मारतात, म्हणजे उतरता उतरता पाणीच तुम्हाला जागेवर नेऊन सोडतं. भिंत दिसली की तिच्याजवळ राहा. तळाशी, खडकाच्या आडोशाला करंट कमी असतो, दोन मीटर वर तोच अंगावर येतो. वाऱ्यात सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

उंबरठ्यावर

आता हूक. मेलेला खडक शोधा, राखाडी, घट्ट, ज्यावर काही जिवंत नाही. त्याच्या फटीत आकडा अडकवा, दोरी हळूहळू सैल सोडा, दुसरं टोक बीसीडीच्या कडीला असतंच. मग बीसीडीत अगदी थोडी हवा. तुम्ही पतंगासारखे तळापासून मीटरभर वर तरंगता, हातपाय मोकळे. पाय मारायचे थांबले की श्वास आपोआप संथ होतो.

तोंड कायम येणाऱ्या पाण्याकडे. बाजूला मान वळवलीत तर मास्कची कड उचलली जाते आणि पाणी आत येतं. जोर फार असेल तर रेग्युलेटरचं समोरचं बटण पाण्याच्याच दाबाने दाबलं जाऊन हवा भसाभसा सुटते. घाबरू नका, तोंडाचा कोन जरासा बदला, थांबते. बुडबुडे मागे आडवे जाताना दिसतात, पहिल्यांदा ते फार चमत्कारिक वाटतं.

हूक वापरायचा नसेल तर दोन बोटांनी मेलेला खडक धरून पोटावर पडून राहता येतं. बोटं ठेवण्याआधी बघा. दगडमासा दगडासारखाच दिसतो.

आणि शार्क

दिसतात ते बहुतेक करडे रीफ शार्क. दीड-दोन मीटर लांब, शेपटीची मागची कड काळी. ते उंबरठ्यावर तोंड पाण्याकडे करून जवळजवळ जागच्या जागी असतात, घार वाऱ्यावर असते तसे. घारीसारखंच त्यांनाही खालून उचलणारा प्रवाह मिळतो, कारण येणारं पाणी भिंतीला आपटून वर वळतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या खिंडीत याच जातीचे शेकडो शार्क जमतात. तिथल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या चढत्या प्रवाहावर राहून त्यांची किमान १०-१५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी झुंजता, त्याच्यावर ते विश्रांती घेतात.

त्यांच्या मागे जाऊ नका. गेलात की ते बरोबर तेवढेच लांब सरकतात. पडून राहा, हात अंगाजवळ, श्वास लांब. पाच मिनिटांत घेर लहान होतो. एखादा चार मीटरवरून जातो आणि त्याचा डोळा तुमच्याकडे फिरलेला दिसतो. अंगावर पांढरट व्रण, कल्ल्यांच्या फटी एकामागून एक उघडतायत, बाजूला पायलट मासे. त्याची वाट अडवू नका, आणि तो व भिंत यांच्यामध्ये सापडू नका.

एक इशारा ओळखता आला पाहिजे. पाठ कमानीसारखी वर, नाक उचललेलं, छातीचे पर खाली दाबलेले आणि पोहणं ताठर, डावीकडून उजवीकडे अतिरेकी झोके घेत. करडा शार्क असं ‘मागे हो’ म्हणतो. मागे व्हायचं. सावकाश, त्याच्याकडे तोंड ठेवून. फ्लॅश मारायचा नाही. त्याला जागा दिली तर विषय तिथेच संपतो.

वाळूवर निवांत पडलेला दिसतो तो पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क. मालदीवने २०१० मध्ये देशभर शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. आज हे दृश्य दिसतं त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. कोकणात मोरीचं, म्हणजे लहान शार्कचंच, कालवण आवडीने खाणारा मी, हे लिहिताना जरा अवघडतो.

रात्री दिव्यांखाली येणारे नर्स शार्क, किंवा फुवाहमुलाहचे टायगर शार्क, ही वेगळी प्रकरणं. टायगर शार्क नवख्याचं काम नाही, एवढंच इथे.

सोडताना, वाहताना

ठरलेल्या बारवर (आम्ही १०० धरतो) हूक सोडायचा. आधी बीसीडीतली हवा काढा. जी हवा मघाशी भरलीत ती दोरी सुटताच तुम्हाला वर फेकेल. हवा काढली, दोरीला धरून पुढे सरकलात, आकडा सोडवला, गुंडाळून खिशात.

आणि मग काहीच करायचं नाही. ही डाइव्हची सगळ्यात सुंदर दहा मिनिटं. भिंत बाजूने लोकलच्या खिडकीबाहेरच्या स्टेशनांसारखी सरकते, तुम्ही फक्त उंची सांभाळायची आणि हळूहळू उथळाकडे जायचं. बडीच्या बरोबरीने राहा. तो पुढे गेला तर गाठणं सोपं. मागे राहिला तर तुम्हाला थांबावं लागेल, म्हणून आडोसा बघत चला.

बिघडलं तर

बडी दिसत नाही: मिनिटभर गोल बघा, मग वर. करंटविरुद्ध शोधायला जायचं नाही. फुगा सोडा.

खाली ओढणारा प्रवाह: कंडूच्या कोपऱ्यावर, भिंतीच्या कडेला कधी पाणी खाली वळतं. कान दाबले जातात, कम्प्युटरचा आकडा वाढतो, बुडबुडे वर जायच्या ऐवजी भोवती घुमतात. भिंत हाताशी असेल तर धरा आणि धरत धरत बाजूला सरका. नसेल तर आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, सरळ वर झुंजू नका. तरीही खाली जात असाल तर बीसीडीत हवा भरा, पण एक हात हवा सोडायच्या दोरीवर ठेवूनच. हे पट्टे अरुंद असतात. सुटलात की तीच हवा रॉकेट होते.

दम लागला: आडोसा, थांबा, तीन लांब श्वास, गाइडला खूण. लाज वाटून लपवू नका. मी लपवलं होतं. हवा कमी असल्याची खूण मी केली तेव्हा बडीलाही माझ्याबरोबर वर यावं लागलं. त्याच्याकडे १३० बार होते. तो काही बोलला नाही. संध्याकाळी चहाही त्यानेच पाजला, ते जास्त लागलं.

वर

मिनिटाला नऊ मीटरपेक्षा सावकाश. पाच मीटरवर तीन मिनिटं, वाहता वाहताच, फुग्याच्या दोऱ्याकडे नजर ठेवून. वर आलात की आधी बीसीडी फुगवा, आणि मास्क-रेग्युलेटर काढायची घाई नको. लाटेचं पहिलं पाणी नेमकं त्याच क्षणी तोंडात जातं. सगळ्यांनी एकमेकांना धरून राहायचं. धोणीकडे पोहायचं नाही, धोणी तुमच्याकडे येईल. इंजिन न्यूट्रलला आल्याची खूण होईपर्यंत मागच्या बाजूला जायचं नाही. दोरी फेकतात ती धरायची आणि फिन शिडीला हात लागल्यावरच काढायच्या.

वर चढल्यावर डोकी मोजतात. मोजणी संपेपर्यंत आपल्या जागेवर बसा, टॉवेल शोधत फिरू नका.

परतीच्या विमानाआधी, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर, किमान १८ तास कोरडे ठेवा. मी २४ ठेवतो. प्रवासाचा साधा विमा दाबकक्षातल्या उपचारांचा खर्च बऱ्याचदा देत नाही, तेव्हा डायव्हिंगचा वेगळा विमा मुंबईहून निघण्याआधी काढा. आणि मालेत हाताशी आलेला तो दिवस बंदराजवळच्या मासळी बाजारात घालवा. दुपारी उतरलेला टुना सुरीच्या चार फटक्यांत कसा सुटा करतात ते बघण्यासारखं आहे.